वाकणारा एडी करंट पॅड: डाइंगच्या भांड्याला एक नंबर, कार्बन स्टीलला कामाचा नाही

लय जण फोन करून विचारतात की तो तांबूस पिवळ्या पट्टीसारखा पातळ सेन्सर, म्हणजे वाकणारा एडी करंट पॅड, घेतलाय तो खरंच चालतो का नुसता शो आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. मी सोलापुरात एनडीटीचं जॉबवर्क करतो, म्हणजे भांडी, पाइप, शाफ्ट, वेल्डिंग हे न तोडता तपासायचं काम. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेलवाले, डाइंगवाले, आणि ऑफ सीझनला जिल्ह्यातले साखर कारखाने हे माझे गिऱ्हाईक. एडी करंटचं मशीन, म्हणजे कॉइलनं धातूत करंट उठवून क्रॅक शोधणारं, आधीपासून होतं पण त्याला पेनासारखा प्रोब लावून काम चालायचं, पॅड नंतर घेतला. ३२ कॉइलचा आहे, दोन ओळींत, साधारण चार बोटं रुंद, मागं फोम आणि पुढं घासायला एक पारदर्शक फिल्म.

कंपनीचं आणि डीलरचं नाव लिहिणार नाही. कारण पुढं थोडी शिवीगाळ आहे.

आधी निकाल सांगतो म्हणजे घाईत असलेल्यांनी पुढं वाचलं नाही तरी चालेल. स्टेनलेसच्या गोल अंगावर, वेल्डच्या कडेला, पृष्ठभागावर उघडणारी बारीक क्रॅक शोधायची असेल तर पैसे वसूल. अॅल्युमिनियम, पितळ, तांबं यावर पण मस्त. कार्बन स्टीलच्या आतलं काही दिसेल म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. आणि काहीही झालं तरी स्क्रीनवरचं चित्र बघून भाळू नका, त्याचं कारण खाली लिहितो, ते मात्र सगळ्यांनी वाचा.

आता ही चीज आहे काय. कॉइल म्हणलं की आपल्याला तार गुंडाळलेली बॉबिन आठवते, इथं गुंडाळलेलं काहीच नाही, पॉलिइमाइडच्या पातळ फिल्मवर तांब्याची गोल चकली छापलेली असते, मोबाईलच्या आतली जी वाकणारी सर्किटची पट्टी असती ना त्याच पद्धतीनं बनवलेली. त्यात उलटसुलट करंट सोडला की बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते धातूत शिरलं की धातूत गोल गोल फिरणारे प्रवाह उठतात, ते प्रवाह आपलं उलटं क्षेत्र तयार करतात आणि त्यानं कॉइलचा इम्पिडन्स, म्हणजे उलटसुलट करंटला होणारा अडथळा, बदलतो. क्रॅक मधी आली की प्रवाहाला वळसा घालून जावं लागतं, इम्पिडन्स अजून बदलतो, मशीन तेवढंच मोजतं. यात नवीन काही नाही, फॅरेडेनं इंडक्शन दाखवलं १८३१ ला आणि ह्यूजेसनं १८७९ मध्ये याच तत्त्वावर धातू ओळखून दाखवले होते. नवीन एवढंच की आता एक कॉइल फिरवत बसायच्या ऐवजी बत्तीस कॉइल एकदम ओढता येतात आणि त्या पृष्ठभागाला चिकटून वळतात. ओढत गेलं की प्रत्येक कॉइलचं रीडिंग शेजारी शेजारी लागत जातं आणि रंगीत नकाशा तयार होतो.

सगळ्या कॉइल एकाच वेळी चालू नसतात हे पण लक्षात ठेवा. शेजारच्या दोन कॉइल एकदम चालवल्या तर एकीचं क्षेत्र दुसरीत घुसतं, म्हणून मशीन त्यांना आळीपाळीनं चालवतं, पण इतकं भराभर की हाताला कळत नाही. आणि ओळी दोन कशाला, तर चकलीसारख्या कॉइलच्या बरोबर मधोमध प्रवाह जवळजवळ नसतोच, तिथं ती आंधळी असते, म्हणून दुसरी ओळ अर्धा घर सरकवून ठेवलेली असते. डेमोला आलेल्या पोरानं यातलं काहीच सांगितलं नाही, तो नुसता रंग दाखवत होता.

आता खऱ्या कामावर येतो. सोलापूर म्हणलं की बाहेरच्या लोकांना चादर, टॉवेल आणि माग दिसतात, पण मागाच्या आधी सूत रंगवावं लागतं, आणि ते रंगवायची स्टेनलेसची भांडी हीच माझी निम्मी रोजीरोटी आहे. सुती सुताला रिअॅक्टिव्ह रंग चढवायचा तर पाण्यात मीठ टाकावं लागतं, गडद शेडला लिटरमागं ६०-८० ग्रॅमपर्यंत सुद्धा, वर पाणी ६० ते ८० अंशांवर. काही जण ग्लॉबर सॉल्ट वापरतात, त्यात क्लोराइड नसतं, पण साधं मीठ स्वस्त पडतं म्हणून तेच जास्त चालतं. आता क्लोराइड, ६० अंशांच्या वरचं तापमान आणि वेल्डिंगमुळं राहिलेला ताण हे तिन्ही एकत्र आले की स्टेनलेसला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग, म्हणजे ताण आणि गंजणं मिळून पडणारी क्रॅक, होणारच, आज नाही तर उद्या. ३१६ या स्टेनलेसच्या ग्रेडमध्ये २-३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खड्डे पडायला जरा दाद देत नाही, पण ३१६ आहे म्हणून क्रॅक जाणार नाही असं जे डाइंगवाले छातीठोक सांगतात ते चुकीचं आहे. जातात. मी बघितलेत.

या क्रॅकचा स्वभाव असा की जाडी कमी होत नाही, वरून भांडं चकाचक दिसतं, अल्ट्रासोनिकनं जाडी मोजली तर पूर्ण भरते, आणि आतून झाडाच्या मुळासारख्या फांद्या फुटत गेलेल्या असतात. जास्त करून वेल्डच्या काठाला, नोझलच्या (पाइप जोडायच्या तोंडाच्या) भोवती, नाहीतर पाण्याच्या लेव्हलला जिथं मीठ वाळून बसतं तिथं. पॅकेज डाइंगचं, म्हणजे गुंडाळलेल्या सुताचे कोन रचून रंगवायचं, भांडं प्रेशरखाली चालतं हे विसरू नका, तिथं लीक म्हणजे नुसता रंग सांडणं नाही.

आजपर्यंत हे आम्ही डाय पेनिट्रंटनं बघायचो. लाल फवारा मारा, किमान दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा, लाल रेघ उमटते का बघा. पद्धत चांगली आहे, मी अजून वापरतो, फेकून दिलेली नाही. पण डाइंगच्या भांड्यात एक घोळ आहे तो बाहेरच्या लोकांना कळत नाही, क्रॅकच्या तोंडात आधीच रंग, सुताची तूस आणि क्षार घट्ट बसलेले असतात, तिथं पेनिट्रंट शिरायला जागाच नाही. वरून मरून शेड चाललेली असली की पुसताना भांड्यातूनच लाल निघतं, मग डेव्हलपरवर आलेला लाल डाग माझा का त्यांचा हे ठरवत बसा. एका डाइंगला तर वेल्डची अख्खी कड गुलाबी झाली आणि तिथल्या मेंटेनन्सच्या अण्णांनी शांतपणे विचारलं, "ओ साहेब, सगळंच फुटलंय म्हणायचं का?"

त्याच भांड्यावर नंतर पॅड फिरवला. इथं फरक कळतो. एडी करंटला क्रॅकचं तोंड उघडं लागत नाही, आत रंग भरलेला असला तरी रंग काही करंट नेत नाही त्यामुळं प्रवाह तुटायचा तो तुटतोच. क्षाराचा पातळ थर, डाग, याचं पण फारसं काही नाही, मोठा खडबडीत थर तेवढा काढावा लागतो. हातानं पॅड दाबून गोल वेल्डच्या कडेनं ओढत गेलो तर जिथं पेनिट्रंटनं सगळं गुलाबी केलतं तिथं नकाशावर तीन ठिकाणी ठळक रेघा आणि बाकी स्वच्छ. तिन्ही जागी फ्लॅप व्हीलनं हलकं घासलं, परत पेनिट्रंट मारलं, आणि आता मात्र फांद्यांसकट नीट क्रॅक उमटल्या. अण्णा म्हणले, "कालपर्यंत लाल रंग लावून बघत होताव, आता टीव्हीच आणलाव की." गिऱ्हाइकाला दाखवायला चित्र असणं ही गोष्ट किती कामाची आहे हे तेव्हा कळलं, पेनिट्रंटचा फोटो दाखवून जे बिल पास व्हायला महिना लागायचा ते आता लवकर होतं, हा फायदा कॅटलॉगमध्ये कुठं लिहिलेला नाही.

पेनासारख्या प्रोबनं हेच काम होत नाही का? होतं. पण पेन प्रोबचा सगळा खेळ लिफ्ट-ऑफचा असतो, म्हणजे प्रोब आणि धातू यातलं अंतर जरा हललं की जो सिग्नल येतो तो क्रॅकच्या सिग्नलपेक्षा मोठा असू शकतो. गोल अंगावर, वेल्डच्या खडबडीत कडेला, भांड्याच्या आत उकिडवं बसून, एक हात टॉर्चला आणि एक प्रोबला, कुणाचा हात स्थिर राहतो. पॅड पातळ आहे आणि मागून फोम दाबतो म्हणून सगळ्या कॉइल धातूपासून जवळपास सारख्या अंतरावर राहतात, आणि त्याचे जे पैसे आहेत ते खरं तर याचेच आहेत. पातळपणा हा शो साठी नाही, तो लिफ्ट-ऑफ मारण्यासाठी आहे. उरलेला लिफ्ट-ऑफ मशीनवर फेज, म्हणजे सिग्नलचा कोन, फिरवून आडवा घालायचा आणि क्रॅकचा सिग्नल उभा बघायचा, हे जुनंच.

आता "फ्लेक्झिबल" या शब्दावर जे विकतात त्यांच्याबद्दल. पॅड वाकतो, पण एका दिशेनं. पॉलिइमाइडची फिल्म ताणत नाही, त्यामुळं ती पाइपवर, सिलिंडरवर, शंकूवर नीट बसते, पण डिश एंडसारख्या, म्हणजे भांड्याच्या फुगीर टोकासारख्या, दोन्ही दिशांना फुगलेल्या अंगावर नाही. चपाती वाटीवर पसरून बघा, कडेला चुण्या पडणारच. डिश एंडच्या गुडघ्याला, म्हणजे जिथं तो शेलला मिळतो त्या वळणावर, माझ्या पॅडच्या कडेच्या चार-पाच कॉइल उचलल्या जातात आणि नकाशावर तिथं ढगासारखं काहीतरी येतं. आणि क्रॅक पण तिथंच जास्त, कारण तिथं घडवताना ताण राहिलेला असतो. काही कंपन्या फिल्मला बोटांसारखे काप देऊन हा प्रश्न सोडवतात, तसला पॅड महाग आहे पण ज्यांना डिश एंड जास्त आहेत त्यांनी तोच बघावा. मी तिथं अजून अरुंद पट्ट्यात थोडं थोडं ओढतो आणि संशय आला की पेन प्रोब.

डिश एंडवर अजून एक भानगड. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस नॉन-मॅग्नेटिक असतं असं आपण धरून चालतो, पण थंडं असताना वाकवलं-ठोकलं की त्यात थोडं मार्टेन्साइट, म्हणजे स्टीलचं चुंबकीय रूप, तयार होतं आणि तेवढा भाग चुंबकाला हलकासा ओढतो. वेल्डच्या धातूत पण थोडं फेराइट (हे पण चुंबकीय रूपच) मुद्दाम ठेवलेलं असतं, वेल्डिंग करताना फुटू नये म्हणून. हे सगळं एडी करंटला दिसतं. नवीन माणूस ते क्रॅक म्हणून लिहून मोकळा होईल. खिशात एक साधा चुंबक ठेवा, संशयाच्या जागी लावून बघा, निम्मे वाद तिथंच मिटतात.

खोलीबद्दल पण स्पष्ट बोलू. प्रवाह पृष्ठभागापासून खाली जाताना कमी कमी होत जातो, ज्या खोलीवर तो ३७ टक्के उरतो तिला स्टँडर्ड डेप्थ म्हणतात. ३०४ स्टेनलेसला १०० किलोहर्ट्झला ही खोली साधारण १.३५ मिमी, एक मेगाहर्ट्झला ०.४ च्या आसपास. अॅल्युमिनियमला १०० किलोहर्ट्झला पाव मिमीच्या जरा वर. खोली दुप्पट पाहिजे तर फ्रिक्वेन्सी चौथाईवर आणावी लागते. वाचून वाटतं की मग फ्रिक्वेन्सी खाली आणू आणि खोल बघू. पण छापलेल्या चकलीला वेटोळे किती असणार, कमीच, त्यामुळं तिचा इंडक्टन्स कमी आणि खालच्या फ्रिक्वेन्सीला ती नीट काम करत नाही. शिवाय कॉइल जितकी लहान तितकं तिचं क्षेत्रच उथळ, तिच्या व्यासाच्या पलीकडं ते फारसं पोचत नाही. म्हणजे बारीक दिसणं आणि खोल दिसणं यातलं एकच मिळणार. या पॅडनं बारीकपणा घेतलाय. ठीक आहे, माझं काम पृष्ठभागाचं आहे, मला चालतंय.

क्रॅकची खोली किती हे मात्र यावरून छातीठोकपणे सांगू नका. स्टँडर्ड डेप्थच्या पुढं गेलेली क्रॅक कितीही खोल असो सिग्नल फारसा वाढत नाही, आणि स्ट्रेस करोजनच्या क्रॅकच्या दोन भिंती मधी मधी एकमेकींना टेकलेल्या असतात, तिथून करंट निसटतो आणि क्रॅक आहे त्यापेक्षा उथळ वाटते. मी रिपोर्टमध्ये जागा आणि लांबी लिहितो, खोली घासून बघून ठरवायची. पृष्ठभागाला समांतर पसरलेला दोष, लॅमिनेशनसारखा, हा तर एडी करंटला दिसतच नाही कारण प्रवाह पण समांतरच वाहतो, त्यासाठी अल्ट्रासोनिकच.

आता ती शिवीगाळ.

पॅड घेतल्यावर काही महिन्यांत जिथं वाकणारी पट्टी कडक कनेक्टरला मिळते तिथं आतला ट्रेस तुटला. बाहेरून काही दिसत नव्हतं. यात आश्चर्य नाही, तांब्याची बारीक रेघ त्याच त्याच जागी पुन्हा पुन्हा वाकली की कडक होऊन तुटणारच, म्हणून चांगल्या पट्टीत रोल करून मऊ केलेलं तांबं वापरतात आणि कनेक्टरपाशी आधार देतात. माझ्यात तो आधार नावाला होता. डीलरला फोन केला तर पहिलं उत्तर "साहेब तुम्ही जास्त वाकवलं असेल". अहो वाकणारा म्हणूनच विकला ना! मग फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, मेल करा, शेवटी पार्ट बदलून मिळाला पण तोपर्यंत माझी दोन कामं हातची गेली, आणि स्पेअर केबलचे वेगळे पैसे लावले. सर्व्हिसला पाचपैकी दोन, तेही दिलदारीनं.

पण खरी गोष्ट पैशाची नाही. कॉइल मेली तर नकाशावर काय दिसतं? काही नाही. एक सरळ, गुळगुळीत, एकाच रंगाचा पट्टा. म्हणजे ज्या पट्ट्यात सेन्सर आंधळा झालाय तोच पट्टा चित्रात सगळ्यात स्वच्छ दिसतो. सॉफ्टवेअरनं वॉर्निंग द्यायला पाहिजे, माझ्यात पूर्ण तुटलं तर देतं, पण अर्धवट तुटलेला ट्रेस, जो पॅड सरळ असताना जोडला जातो आणि वाकवला की सुटतो, त्याला ते पकडत नाही. पकडलं ते माझ्या तपासणीच्या तुकड्यानं. मी एक स्टेनलेसची पट्टी ठेवलीय, तिच्यावर स्पार्क इरोजननं आडवी खाच पाडून घेतलीय, पॅडच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणजे ओढला की बत्तीसच्या बत्तीस कॉइल त्या खाचेवरून जायलाच पाहिजेत आणि प्रत्येकीनं सारखा सिग्नल द्यायलाच पाहिजे. ती पट्टी पाइपएवढी गोल वळवून घेतलीय, सपाट नाही. सपाट पट्टीवर हा दोष दिसलाच नसता. कामाच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा, शेवटी नापास झाला तर मधलं सगळं परत करायचं. कंटाळवाणं आहे. पण ज्यांना हे करायचं नाही त्यांनी हा पॅड घेऊच नये, पेनिट्रंटचा डबा बरा, तो संपला तर निदान कळतं तरी.

साखर कारखान्यात काय अनुभव. पॅन आणि इव्हॅपोरेटरचं (रस आटवायच्या भांड्यांचं) जे स्टेनलेसचं काम आहे तिथं वरचंच सगळं लागू. ट्यूब आतून तपासायच्या तर त्याला बॉबिन प्रोब लागतो, हा पॅड नाही, लोक गोंधळ करतात. मिल रोलरचा शाफ्ट, गिअरचे दात, स्ट्रक्चर, हे सगळं कार्बन स्टील नाहीतर फोर्ज्ड स्टील, तिथं मी मॅग्नेटिक पार्टिकलच, म्हणजे चुंबकित करून लोखंडाची भुकटी टाकून क्रॅक बघायची पद्धत, करतो आणि करत राहणार. कारण सोपं आहे, कार्बन स्टीलची पर्मिएबिलिटी, म्हणजे चुंबकीय क्षेत्र ओढून घ्यायची ताकद, जास्त, शंभर धरली तर १०० किलोहर्ट्झला प्रवाह जेमतेम ०.०७ मिमी खाली जातो. वर गंज, स्केल, वेल्डच्या कडेला जागोजाग बदलणारी पर्मिएबिलिटी, या सगळ्याचा कचरा नकाशावर येतो. असं नाही की होतच नाही, कार्बन स्टीलच्या वेल्डसाठी एडी करंट अॅरेचं (एकापेक्षा जास्त कॉइलच्या प्रोबचं) एएसटीएम या स्टँडर्ड काढणाऱ्या संस्थेचं ई३०५२ हे वेगळं स्टँडर्डच आहे आणि रंग न काढता पृष्ठभागाची क्रॅक बघता येणं ही मोठी सोय आहे, पण त्यासाठी कॉइलची रचना वेगळी असते. माझ्यासारखा साधा चकलीवाला पॅड घेऊन जाल तर फजिती. टर्बाइनच्या ब्लेडवर एका ठिकाणी लावून बघितला, ब्लेडचं स्टील १२-१३ टक्के क्रोमचं, बोलायला स्टेनलेस पण चुंबकाला चिकटतं, तरी मशीनिंग गुळगुळीत असल्यामुळं कडेच्या क्रॅकसाठी बरा वाटला. कड मात्र स्वतःचाच सिग्नल देते, त्यामुळं कडेपासूनचं अंतर कायम ठेवायला गाइड लावा.

मे महिन्यात सोलापूरला ४३-४४ अंश असतात आणि पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. तांब्याचा रेझिस्टन्स अंशामागं साधारण ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे एसी ऑफिसात बॅलन्स केलेला, म्हणजे शून्यावर आणलेला, पॅड शेडमध्ये वीस अंश जास्त तापला की जवळजवळ आठ टक्के फरक. नकाशाचा रंग हळूहळू एका बाजूला सरकायला लागतो. उपाय एवढाच की पॅड आणि तपासणीची पट्टी दोन्ही जागेवर नेऊन ठेवायचे, चहा प्यायचा, मग बॅलन्स करायचा. आणि शेजारच्या पंपाची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) चालू असेल तर बंद करून घ्या, नाहीतर स्क्रीनवर पाऊस पडतो. पॅड किती ओढला ते मोजणाऱ्या एन्कोडरचं चाक ओल्या स्टेनलेसवर घसरतं, मग क्रॅक असते एका ठिकाणी आणि नकाशात भलत्याच ठिकाणी. मी आता खडूनं भांड्यावर आधीच खुणा करतो आणि एन्कोडरवर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही.

फिल्मचं बोलायचं राहिलं. पुढची घासायची फिल्म हा रोजचा खर्च आहे, वेल्डचे शिंतोडे असले तर एका भांड्यात फाटते. फाटलेली तशीच चालवली की पुढचा नंबर कॉइलचा, म्हणून पॅड ओढायच्या आधी शिंतोडे ग्राइंड करून घ्या नाहीतर मजुरांना सांगा. लोकल चिकटपट्टी लावून चालवणारे पण आहेत, चालते सुद्धा, फक्त जाडी बदलली की लिफ्ट-ऑफ बदलतो म्हणून परत कॅलिब्रेट करायला लागतं हे त्यांना कुणी सांगत नाही.

माणसाचं पण बघा. लेव्हल टू (एनडीटीच्या पात्रतेचा दुसरा टप्पा) असलेला माणूस पाहिजे, आणि तो सुद्धा एडी करंटचा, पेनिट्रंटची लेव्हल टू घेऊन हा नकाशा वाचता येत नाही. मशीन सोपं झालंय म्हणून पोरगं ठेवून काम होईल असं मालक लोकांना वाटतं. ओढायला पोरगं चालेल, वाचायला नाही.

घ्यायचाच असेल तर डेमो तुमच्याच भांड्यावर मागा, त्यांच्या चकचकीत प्लेटवर नको. सगळ्यात लहान किती त्रिज्येवर वाकवायचा हे लिहून घ्या, "कितीही वाकतो" हे उत्तर नाही. वळवलेल्या तुकड्यावर आडव्या खाचेवरून बत्तीस चॅनेलचे सिग्नल दाखवायला लावा. स्पेअर केबल आणि फिल्मचे दर आधीच कोटेशनमध्ये टाकून घ्या, नंतर ते मनाला येईल तो आकडा सांगतात. वाकणाऱ्या अॅरेबद्दल एएसटीएम ई२८८४ नावाचं मार्गदर्शक आहे, डीलरला ते माहीत आहे का एवढं विचारून बघा, तोंडावरूनच कळतं. मशीनसकट नवीन घ्यायचं तर लाखांत जातं, ज्यांचं स्टेनलेसचं काम वर्षाला दोन-चार भांड्यांचं आहे त्यांनी विकत न घेता भाड्यानं आणावा.

पॅडला पाचपैकी चार देतो, सर्व्हिसचं वर सांगितलंच. दुसरा घेणार आहे, बोटांसारखे काप असलेला, पण यावेळी दुसऱ्या डीलरकडून. कुणी सोलापूर-पुणे पट्ट्यात तसला वापरला असेल तर डिश एंडच्या गुडघ्यावर कसा बसतो ते खाली लिहा, आणि जमलं तर कॅटलॉगमधला नको, तुमच्या स्वतःच्या भांड्यावरचा स्कॅन टाका.